‘यात काही घडतच नाही’ असे अल्बम: अ‍ॅम्बियंट, मिनिमल, इलेक्ट्रॉनिक

मंद्रसप्तक

इथे नाट्यगीतांवर, गझलांवर, रेडिओ सिलोनवर उदंड धागे आहेत. पण ज्या संगीताबद्दल घरातले ‘हे सुरू झालंय की अजून व्हायचंय?’ असं विचारतात, त्यावर एकही सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

सुरुवात ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ने (१९७८) करतो, कारण ‘अ‍ॅम्बियंट १’ ही पाटी त्यानेच या अल्बमवर लावली; अ‍ॅम्बियंट म्हणजे आसपासच्या वातावरणात मिसळून जाणारं संगीत. चार तुकडे आहेत, त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. पहिल्यात रॉबर्ट वायटचा पियानो, सतराएक मिनिटं. मला वेड लावलं ते दुसऱ्याने. त्यात वाद्य नाही, फक्त माणसांचे ‘आ’. प्रत्येक सूर वेगळ्या टेपवर घेतला, टेपची दोन टोकं जोडून त्याचा लूप केला. हे लूप इतके लांब की यंत्रावर मावेनात, म्हणून जर्मनीत कोनी प्लांकच्या स्टुडिओत ते अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवले. एक सूर २३.५ सेकंदांनी परत येतो, दुसरा २६ ला थोडे कमी असताना, तिसरा ३० ला किंचित कमी. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. यंत्रं चालू केली आणि संगीतकार बाजूला झाला. कुठला सूर कशावर येऊन पडणार, कुठे दोघे एकत्र येणार, कुठे नुसतीच शांतता राहणार, हे त्या लांब्या ठरवतात. तीच सुरावट तशीच्या तशी पुन्हा येताना आपल्या हयातीत तरी ऐकू येणार नाही.

म्हणजे घडतंय भरपूर. फक्त ते कोणी ‘करत’ नाहीये.

आता माझा दावा. ज्यांचे कान तंबोऱ्यावर वाढले त्यांना हे कठीण जायला नको. न हलणाऱ्या आवाजात हालचाल ऐकायची सवय आपल्याला आधीपासून आहे.

यादी नको. एखादा अल्बम सांगा, त्यात आत काय चाललंय ते सांगा, कसा ऐकता तेही सांगा.

षड्जपंचम

धागा छान. तंबोऱ्याचा मुद्दा मात्र मान्य नाही.

तंबोरा नीट जुळला, जवारी लागली (घोडीवर तारेखालचा धागा नेमका बसला) की खरजाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो, हे खरं. तासन्‌तास नुसता तंबोरा छेडत बसायला मलाही आवडतं. पण मैफलीला कोणी तंबोरा ऐकायला येत नाही. गाणारा गंधारावर रेंगाळतो, पंचमाला हात लावत नाही, आणि ऐकणारा त्या पंचमाची वाट बघतो. बढत म्हणजे तरी काय, ती वाट बघायला लावणंच. ईनोच्या त्या तुकड्यात मी कशाचीच वाट बघत नाही. छान वाटतं, पण वाट बघत नाही. हा फरक मला छोटा वाटत नाही.

नातं मात्र आहे, आणि ते माणसांची नावं घेऊन सांगता येतं. पंडित प्राणनाथ, जन्म १९१८, लाहोर. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. १९७० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, मरियन झझीला, टेरी रायली हे अमेरिकन कलावंत त्यांचे शागीर्द झाले. नावापुरते नव्हेत, रायली पुढची पंचवीसेक वर्षं त्यांच्याकडे शिकत, त्यांच्या मागे बसत राहिला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्याकडून सवाई गंधर्व आणि पुढे भीमसेनजी, ही किराण्याची शाखा आपल्या घरची. वहीद खाँसाहेबांची शाखा आणखी संथ. अमेरिकन मिनिमलिझमच्या (थोडेच सूर, पुन्हा पुन्हा, हळूहळू बदलत) मंडळींना नेमकी तीच भेटली.

पण म्हणून ‘मिनिमलिझम आपल्याकडून गेला’ असं कोणी लिहू नये. रायलीचं ‘इन सी’ १९६४ चं, ‘अ रेनबो इन कर्व्हड् एअर’ १९६९ चं. गुरू नंतर भेटले. आधी भूक होती, मग ताट मिळालं.

ऐकायचंच तर प्राणनाथजींची ‘रागाज ऑफ मॉर्निंग अँड नाइट’ ऐका. तोडी आणि दरबारी. एका स्वरावर माणूस किती वेळ राहू शकतो, याचा तो वस्तुपाठ आहे.

कट्ट्यावरचा_बंड्या

मी आत्ताच ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ लावलं. आई येऊन म्हणाली, अरे, स्पीकर गेला वाटतं, एकच आवाज काढतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

रीळवाला

मंद्रसप्तक, खुर्च्यांच्या पायांतून टेप फिरवण्यात अद्भुत काही नाही हो. लांब लूप लागला की आमच्याकडेही एखादा पोऱ्या पेन्सिल आडवी धरून उभा राहायचा, टेप ताणलेली राहावी म्हणून. मी मुंबईत रेकॉर्डिंगच्या धंद्यात आयुष्य काढलं. त्यामुळे या संगीतात सुरांपेक्षा यंत्राचं वागणं मला जास्त भावतं.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६४ च्या अखेरीस सान फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका धर्मोपदेशकाचं नोहाच्या प्रलयावरचं प्रवचन टेप केलं. १९६५ मध्ये त्यातल्या ‘इट्स गॉना रेन’ या शब्दांचे दोन सारखे लूप केले आणि दोन यंत्रांवर एकदम सोडले. आता टेप मशीन एकाच कंपनीची असली तरी दोघांचा वेग तंतोतंत एक कधीच नसतो. मोटर, टेपचा ताण, पट्टा, कशानेही केसभर फरक पडतो. एक यंत्र हळूहळू पुढे सरकू लागलं. आधी आवाज जरा फुगतो, मग घुमतो, मग दोन माणसं बोलू लागतात, मग शब्द फुटून नुसती लय उरते. आमच्याकडे असं झालं की शिव्या बसायच्या. याने तेच रचना म्हणून मांडलं. दोन वर्षांनी ‘पियानो फेज’मध्ये हीच घसरण दोन पियानोवादकांकडून हाताने करून घेतली. ते मला जास्त थोर वाटतं, कारण यंत्र चुकतं ते आपोआप, माणसाला इतकं बारीक चुकायला रियाज लागतो.

दुसरा अल्बम विल्यम बसिन्स्कीचा ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केलेले लूप तो २००१ मध्ये न्यूयॉर्कला डिजिटल करायला बसला. टेप म्हणजे प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी आणि ती धरून ठेवणारा बाइंडर. बाइंडर मेला की भुकटी सुटते. हेडवरून प्रत्येक फेरीला थोडा थोडा आवाज शब्दशः गळून पडत होता. त्याने यंत्र थांबवलं नाही. पहिला तुकडा तासाभराहून मोठा आहे. शेवटाकडे सुरावटीच्या जागी खड्डे आणि टकटक उरते.

एक दुरुस्ती करून ठेवतो, कारण नेटवर सगळे चुकीचं सांगतात. हे ११ सप्टेंबरसाठी केलेलं संगीत नव्हे. लूप त्याआधीच उतरवून झाले होते. त्या संध्याकाळी त्याने ब्रुकलिनच्या गच्चीवरून धुराचं चित्रण केलं, ते पुढे या संगीताला जोडलं आणि अल्बम अर्पण केला.

अवांतर: आपल्या दमट हवेत टेपची दुखणी वेगळी. एक बुरशी, दुसरा चिकटपणा. बाइंडर पाणी पितो आणि टेप हेडला चिकटून किंचाळते. तशी टेप मंद उबेवर काही तास सुकवून एकदा वाजवून घेता येते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. कोणाकडे आजोबांच्या मैफलींची रिळं असतील तर कपाटात ठेवून त्यांची पूजा करू नका, उतरवून घ्या.

आर्या_के

आतापर्यंत नुसती वाचत होते, आता विचारतेच. मी लो-फाय प्लेलिस्ट लावून अभ्यास करते. हे त्याच जातीचं आहे का? आणि सुरुवात कुठून करू? एकदम तासाभराची टकटक नको.

मंद्रसप्तक

आर्या, जात एकच नाही, पण आडनावबंधू म्हण. लो-फायमध्ये ठोका सतत तुझा हात धरून असतो. इथे तो सुटतो.

एअफेक्स ट्विनच्या ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स ८५-९२’पासून सुरू कर. त्यात ठोका आहे, सुरावटी आहेत, आणि कळायच्या आत तू ठोक्यामागच्या धुक्याकडे लक्ष द्यायला लागतेस. त्याचाच दुसरा खंड (१९९४) एकदम घेऊ नकोस. तिथे ठोका जवळजवळ संपतो, आणि एक सोडता तुकड्यांना नावं नाहीत, नावाच्या जागी फोटो आहेत. रात्री एकटीने ऐकलास तर झोप उडेल. मग हॅरोल्ड बड आणि ईनोचा ‘प्लॅटो ऑफ मिरर’ (१९८०). पियानो इतका हळू की पुढचा सूर यायच्या आधी आधीच्या सुराचं शेपूट ऐकायला सवड मिळते.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. यातलं अर्धं संगीत खालच्या पट्टीत असतं, मोबाइल ते वाजवतच नाही.

स्पष्टच_बोलतो

एवढं सगळं वाचलं. माझं मत: हे लिफ्टमधलं संगीत आहे. गोऱ्यांनी केलं, वर तत्त्वज्ञान चिकटवलं, की आपण माना डोलावतो. आपल्या शनिवारच्या भजनात पेटीवाला ‘सा’ धरून बसतो, त्याला कोणी अल्बम देत नाही.

मंद्रसप्तक

लिफ्टच्या संगीताचा आक्षेप ईनोने स्वतःच आधी घेऊन ठेवलाय. अल्बमबरोबरच्या टिपणात तो दुकानांना-कचेऱ्यांना पार्श्वसंगीत पुरवणाऱ्या म्युझॅक कंपनीचं नाव घेऊन फरक सांगतो. ते संगीत जागेतलं सगळं अनघड, संदिग्ध पुसून टाकतं आणि कंटाळलेल्या कामगाराला तरतरी आणायला वाजवलं जातं. याला ती संदिग्धता ठेवायची आहे. लक्ष दिलं तर पुरून उरावं, नाही दिलं तर टोचू नये, अशी त्याची अट. विमानतळ निवडला तोही उगाच नाही. कोलोनच्या विमानतळावर बसलेला असताना तिथलं संगीत किती खोटं हसतंय हे त्याला जाणवलं. उडायला निघालेल्या माणसाच्या मनात मरणाचा विचार येऊन जातोच, त्याला हसरं गाणं ऐकवून काय उपयोग? पुढे १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलमध्ये ते खरोखर वाजवलंही गेलं.

पेटीवाल्याचं म्हणाल तर, त्याला अल्बम द्या की. मी विकत घेतो.

लयवेडा

मिनिमल आणि अ‍ॅम्बियंट एकाच माळेत ओवताय सगळे, म्हणून लिहितो. राइशचं ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ मागे लावून पोळ्या लाटता येत नाहीत. (लाटल्या तर सगळ्या एका मापाच्या होतील.)

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलं, १९७८ मध्ये ईसीएम या कंपनीने रेकॉर्ड काढली, तासाला थोडं कमी. सुरुवातीला ११ स्वरसंगती एकामागून एक येऊन जातात. मग प्रत्येकीवर एकेक प्रकरण उभं राहतं आणि शेवटी त्या अकरा पुन्हा येतात. कंडक्टर नाही. व्हायब्राफोनवाला खूण वाजवतो आणि सगळे वळतात. आपल्याकडे साथीदार एकमेकांच्या तोंडाकडे बघून वळतात, तसंच काहीसं.

यात दोन घड्याळं एकदम चालतात. पियानो आणि मरिंबांची लय, जी क्षणभरही थांबत नाही. आणि क्लॅरिनेटवाल्यांची, गाणाऱ्या बायकांची फुंकर, जी एका श्वासात पुरेल तेवढीच टिकते आणि विरते. पहिलं मशीनसारखं, दुसरं छातीच्या भात्यावर. मी तबल्याचा माणूस, मला आधी फक्त पहिलं ऐकू यायचं. मी बाराचं चक्र धरून एकताल मोजायला जायचो आणि ते हातातून निसटायचं, कारण तेच बारा कधी तीन-तीनचे चार वाटतात, कधी चार-चारचे तीन. सम शोधू नका. समेवर यायचंच नाहीये त्याला.

षड्जपंचम, तुमचा वाट बघण्याचा मुद्दा इथे लावून बघा. नवी स्वरसंगती येते तेव्हा अंगावर येतो तो काटा कशाचा असतो मग?

फिलिप ग्लासचं नातं थेट आपल्या लयीशी. १९६५-६६ मध्ये पॅरिसला एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना लिहून देण्याचं काम त्याच्याकडे आलं. तो मात्रांच्या मध्ये उभ्या रेघा मारायचा आणि अल्लारखाँसाहेब म्हणायचे, आघात चुकतोय. शेवटी रेघाच पुसल्या तेव्हा समोर आकडे दिसले: दोन आणि तीनचे गट, जोडत जायचे. पुढे ‘म्युझिक इन ट्वेल्व्ह पार्ट्स’ (१९७१-७४) अख्खं या बेरजेवर उभं आहे. आणि ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा, १९८०, रॉटरडॅम. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, गायचे शब्द मात्र भगवद्गीतेतले, संस्कृतात. शेवटच्या अंकात गांधी एकच चढती सुरावट पुन्हा पुन्हा गातात. आपल्या कानाला ते उच्चार जरा खटकतात, पण पाच मिनिटांत खटकणं थांबतं.

खारेगाव_टोलनाका

अजून चरणजित सिंगचं नाव कसं नाही आलं?? मुंबईचा माणूस, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला. १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठोक्यासाठी टीआर-८०८, बाससाठी टीबी-३०३. त्यांवर दहा राग वाजवले. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. १९८३ मध्ये एचएमव्हीने काढली, कोणी विचारलं नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत जुन्या रेकॉर्डमध्ये ती सापडली, २०१० मध्ये त्याने पुन्हा काढली आणि जग वेडं झालं. अ‍ॅसिड हाउसचा, म्हणजे ३०३ च्या चिरक्या आवाजावरच्या त्या नाच-संगीताचा, शोध शिकागोत नाही, मुंबईत लागला!! चरणजितजी सत्तरी उलटल्यावर युरोपात जाऊन तेच वाजवत होते. २०१५ मध्ये गेले.

षड्जपंचम

भैरव, ललित, भूप, तोडी एवढे ऐकले. राग नव्हेत ते. आरोह-अवरोहाच्या शिड्यांवरून भरधाव धावाधाव आहे. तोडीचा गंधार कुठल्याही कीबोर्डवर तोडीचा लागत नाही, तो खूप खाली असतो. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तिथे मात्र गंमत आली. यंत्राला त्यात काही अवघड वाटत नाही, आणि ते न वाटणं ऐकू येतं.

लयवेडा, तुमच्या प्रश्नावर विचार करतेय. दोनदा ऐकलं. अजून लिहीत नाही.

रीळवाला

त्या ३०३ बद्दल सांगतो. ते यंत्र केलं होतं एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. बासच्या कामात ते सपशेल पडलं, काही वर्षांत उत्पादन बंद. त्यात सोळा घरांचा एक साचा भरायचा आणि तो फिरत राहतो. पण प्रत्येक घराला ‘स्लाइड’ लावता येते. ती लावली की पुढचा सूर नव्याने सुटत नाही, आधीच्या सुरावरून घसरत येतो. मींड नव्हे, षड्जपंचम रागावतील. पण चरणजितजींसारख्या माणसाने ते बटण पाहिलं तर त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळतं. गाण्याला घसरता येणारं यंत्र आणि खाली न थांबणारी फिरती रेघ. राग-तंबोरा-ठेका या तिघांची जागा त्याला तिथे दिसली असणार. राग नीट झाला की नाही ते तुम्ही ठरवा, मला हुशारी दिसते.

अश्विनी_लंडन

खारेगाव, ‘शोध मुंबईत’ हे वाक्य मागे घ्या हो. शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चं. त्या पोरांनी ही मुंबईची रेकॉर्ड ऐकली असण्याचा काही पुरावा नाही. तेच यंत्र तिकडे स्वस्तात सेकंडहँड मिळत होतं, त्यांनी खुंट्या पिळल्या आणि तो चिरका आवाज निघाला. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या गरजांपोटी आडव्या वाटेने गेलं. चरणजित सिंग यांना मोठं करायला एवढं पुरेसं आहे, त्यांना कोणाचे आजोबा करायची गरज नाही.

मला सांगायचंय त्याच्याही आधीचं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडीत) मूग सिंथेसायझर आला. तो उभारून द्यायला न्यूयॉर्कहून डेव्हिड ट्यूडर आला होता. तीनचार वर्षं तिथे भारतीय लोक इलेक्ट्रॉनिक रचना करत होते: गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा. मग सगळं थांबलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. इथल्या पॉल पुरगसने त्या २०१७ च्या सुमाराला शोधल्या, बीबीसीवर त्याचा माहितीपट झाला, आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा संग्रह निघाला.

ऐकताना अपेक्षा बदलून ठेवा. यात चरणजितजींची सफाई नाही. नवं यंत्र समोर आल्यावर माणूस काय काय करून बघतो ते आहे: शिट्ट्या, पक्ष्यांसारखे आवाज, मध्येच एखादी सुरावट हाती लागल्याचा आनंद. मला काही तुकडे कंटाळवाणे वाटले, काही चारचारदा ऐकले.

गीता साराभाई पखवाज वाजवायच्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला होत्या, जॉन केज या अमेरिकन संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकत आणि त्याला आपलं शिकवत. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं, की मन निवळावं, स्थिर व्हावं, म्हणजे दैवी प्रभावाला वाट मिळते. केज ते जन्मभर सांगत राहिला. म्हणजे ‘गोऱ्यांचं तत्त्वज्ञान’ म्हणणाऱ्या स्पष्टच_बोलतो यांनी उलट्या दिशेची ही टपालही बघावी.

स्पष्टच_बोलतो

बघितली. केजचं ते चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच न वाजवणं याच टपालातून आलं असेल तर गीताबेनना दोष द्यावा की श्रेय, ठरवतो.

तोक्योतला_नाशिककर

जपानबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून. इथे ऐंशीच्या दशकात पैसा वाहत होता आणि कंपन्या संगीतकारांना काय वाटेल ते करायला पैसे देत होत्या. हारुओमी होसोनोने मुजीच्या दुकानांसाठी संगीत केलं. हिरोशी योशिमुराचा ‘एअर इन रिसॉर्ट’ (१९८४) शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी, सुगंधासकट. ताकाशी कोकुबोचा ‘गेट अ‍ॅट द वेव्ह’ (१९८७) तर सान्योच्या एसीबरोबर मिळायचा! एसी घ्या, समुद्र फुकट. जाहिरातीसाठी केलेल्या गोष्टी इतक्या निर्मळ कशा, हे मला सुटलेलं नाही.

योशिमुराचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ (१९८२) सगळ्यांत साधा. एक कीबोर्ड, एक फेंडर ऱ्होड्स (विजेवरचा पियानो), खिडकीतून दिसलेले ढग, झाडं, पाऊस. तोक्योच्या हारा संग्रहालयात तो वाजवला जायचा. योशिमुरा २००३ मध्ये गेला, तोपर्यंत जपानबाहेर त्याला फार कोणी ओळखत नव्हतं. २०१७ मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली. मी तो सकाळी लावतो, लोकल गाठायच्या आधी. लोकल चुकत नाही, पण धावावंसं वाटत नाही.

आर्या, तुला हा ‘प्लॅटो ऑफ मिरर’पेक्षा लवकर आवडेल.

घुमटाखाली

जागेचा विषय निघालाच आहे तर दोन. पॉल हॉर्न हा अमेरिकन बासरीवाला १९६८ मध्ये ताजमहालात शिरला आणि आतल्या घुमटाखाली रात्री वाजवलं. अल्बमचं नाव ‘इनसाइड’. एक सूर सोडला की तो घुमटात फिरून विरेपर्यंत कित्येक सेकंद जातात, म्हणून तो सूर सोडून थांबतो आणि स्वतःच्याच सुराबरोबर पुढचा वाजवतो. एका ठिकाणी तिथला पहारेकरी गातो. अल्बममधली ती सगळ्यांत सुंदर जागा, आणि नाव मात्र बासरीवाल्याचं.

दुसरा पॉलीन ऑलिव्हेरॉस आणि मंडळींचा ‘डीप लिसनिंग’ (१९८९). वॉशिंग्टन राज्यातल्या एका जुन्या लष्करी तळावरची जमिनीखालची रिकामी पाण्याची टाकी. तिथे आवाज ४५ सेकंद घुमतो. अ‍ॅकॉर्डियन, ट्रॉम्बोन, माणसाचा आवाज. वाजवणारे आणि टाकी यांतलं कोण काय करतंय हे काही वेळाने सांगता येत नाही. सिंथेसायझर नाही, तरी हा या धाग्यातला अल्बम आहे असं मला वाटतं. शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटात सगळी पोरं एकदम ओरडतात, त्याऐवजी एकाने एकच सूर लावून बाकीच्यांनी गप्प बसायचं, एवढंच करून बघायला हवं होतं.

शापोरा

गोव्यातून. आमच्याकडचं इलेक्ट्रॉनिक म्हटलं की लोकांना फक्त हणजूणचा धडधडाट आठवतो. तो या धाग्यातला नव्हे, पण ऐंशीच्या दशकातली एक गोष्ट इथे बसते. तेव्हा किनाऱ्यावरचे डीजे उन्हात वितळतील म्हणून रेकॉर्ड आणत नसत, कॅसेटवर वाजवत. युरोपातल्या गाण्यांतला गायनाचा भाग कापून काढायचे आणि उरलेला वाद्यांचा भाग जोडून लांबवायचे. म्हणजे पुन्हा टेप आणि लूप. रीळवाले काकांच्या खात्यात जमा. त्यातलं पहाटेचं, उजाडतानाचं संगीत कधी कधी खरंच संथ असायचं. बाकी रात्रभर गावाची झोप मोडते त्याबद्दल न बोललेलं बरं.

षड्जपंचम

विचार करून लिहिते.

लयवेडा, राइशच्या रचनेत वाट बघणं आहे, मानलं. पण ती कशाची वाट हे आधी माहीत नसतं. रागात पंचम कुठे आहे ते मला ठाऊक असतं, तो कधी येईल एवढंच ठाऊक नसतं. इथे काय येणार हेच ठाऊक नाही, येणार एवढं मात्र नक्की. ईनोकडे तेही नाही. म्हणून माझ्या लेखी हे तीन वेगळे प्रकार राहतात.

दरम्यान एलियान रादिगची ‘त्रिलॉजी द ला मॉर्त’ ऐकली. फ्रेंच बाई, एआरपी २५०० हा एकच सिंथेसायझर, टेप, आणि १९८८ ते १९९३ मध्ये पूर्ण केलेले तीन भाग, मिळून जवळजवळ तीन तास. तिबेटी बौद्ध साधनेतून आलेली रचना. मधल्या भागाचं नाव ‘कैलाश’, पर्वताची प्रदक्षिणा आहे ती. एक घनगंभीर आवाज सुरू होतो, वीस मिनिटांनी तो वेगळा असतो, आणि बदलला कधी हे पकडता येत नाही. मी पकडायचा खूप प्रयत्न केला. जवारीचा धागा तारेखाली केसभर सरकवला की आवाज कसा आतून उघडतो, ते इथे एवढं संथ केलंय की धागा सरकताना दिसतच नाही. हे मला तंबोऱ्याच्या सगळ्यांत जवळचं वाटलं, ईनोपेक्षा कितीतरी जवळचं. मंद्रसप्तक, तुमचा दावा ईनोऐवजी इथून सुरू केला असतात तर मी भांडले नसते.

मंद्रसप्तक

मग भांडण हुकलं असतं, त्यात माझंच नुकसान.

एक सुचवतो. रायलीचं ‘इन सी’ आपण वाजवून बघायचं का? नुसतं ऐकण्यापेक्षा. एका पानावर मावतील असे ५३ छोटे तुकडे आहेत. सगळ्यांनी तेच क्रमाने वाजवायचे, प्रत्येकाने प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा, मग पुढच्यावर जायचं. कोणी फार पुढे पळायचं नाही, फार मागे रेंगाळायचं नाही, एकमेकांचं ऐकायचं. वाद्य कुठलंही. ब्रुकलिनच्या रागा मॅसिव्ह या गटाने २०१७ मध्ये सतार, बासरी, तबला घेऊन हे केलेलं आहे. पट्टी सगळ्यांना ठाऊक असलेली, पांढरी एक, म्हणजेच नावातला ‘सी’.

लयवेडा

मी आहे. पण तबल्याला त्यात काम काय?

षड्जपंचम

मीही. पान बघितलं. पहिलाच तुकडा म्हणजे षड्जाचा कण घेऊन गंधार, तीनदा. तेवढ्यावर मी दहा मिनिटं सहज राहीन, बाकीच्यांनी पुढे जाऊन मागे वळून बघू नये. मधे तीव्र मध्यम येतो, शेवटाकडे कोमल निषाद. कुठला राग म्हणून कोणी विचारू नका. मी पेटी आणते.

मंद्रसप्तक

लयवेडा, तबल्याला नसलं तरी तुम्हाला आहे. पूर्ण वेळ पियानोवर वरचा ‘सा’ एकसारखा ठोकत राहायला एक माणूस लागतो, बाकीचे त्यावर लय धरतात. ही कल्पना पहिल्या प्रयोगाच्या वेळी राइशने दिली म्हणतात. तास-सव्वा तास, न थांबता, न वाढवता.

लयवेडा

तास-सव्वा तास एकच सूर? तिहाईसुद्धा नाही?

रीळवाला

त्याचा लूप करून देतो मी. पेन्सिल धरायला मात्र कोणीतरी या.

कट्ट्यावरचा_बंड्या

पेन्सिल मी धरतो. जागा कोणाकडे? आमच्याकडे नको, आईने स्पीकर दुरुस्तीला टाकलाय.